शिक्षकांचा पगार आणि पेन्शन: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

मी अनुदानित हायस्कूलला शिकवतो, २००५ नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नसलेला आहे, त्यामुळे खालच्या उत्तरांत थोडा राग दिसला तर चालवून घ्या. आकडे महाराष्ट्राचे आहेत. महागाई भत्ता सगळीकडे ५५ टक्के धरलाय, म्हणजे जानेवारी २०२५ पासून लागू झालेला दर, पुढे वाढला की त्या हिशोबाने वाढवून घ्यायचं.

शिक्षकांना लाखभर पगार असतो म्हणे, खरं का?

काहींना असतो, नाही कशाला म्हणू. पंचवीस-सव्वीस वर्षं झालेले, दोन वरच्या श्रेण्या मिळालेले जिल्हा परिषदेचे गुरुजी लाखाच्या पुढे जातात. पण ते टोक झालं. सुरुवातीचं मूळ वेतन बघा: सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षक एस-१० या वेतनस्तराला, म्हणजे २९,२०० पासून, हायस्कूलचा बीएड शिक्षक एस-१४, ३८,६०० पासून, आणि ज्युनियर कॉलेजचा एस-१६, ४४,९०० पासून.

आता खेड्यातल्या नवीन प्राथमिक शिक्षकाची पगार स्लिप मांडू. मूळ २९,२००, त्यावर महागाई भत्ता १६,०६०, घरभाडे १० टक्के म्हणजे २,९२०, झाले ४८,१८०, वर थोडा वाहतूक भत्ता. त्यातून एनपीएसचे (२००५ नंतरच्यांची बाजारावर चालणारी पेन्शन योजना) १० टक्के, म्हणजे मूळ अधिक महागाईवर ४,५२६, प्रोफेशनल टॅक्स २००, गटविमा वगैरे. हातात ४४ हजारांच्या आसपास. मग पतसंस्थेचा हप्ता, जो जवळपास प्रत्येकाचा असतोच, तो गेल्यावर काय उरतं ते घरोघरी वेगळं.

तालुक्याच्या गावात हा पगार चांगला आहे, उगाच रडायचं कारण नाही. मुंबईत मात्र हायस्कूलच्या नवीन शिक्षकाला घरभाडे भत्ता ३० टक्क्यांनी ११,५८० मिळतो, तेवढ्यात कोणी वनबीएचके दाखवला तर मलाही कळवा.

मग लागल्या लागल्या ४४ हजार हातात येतात?

नाही ना, तिथेच तर गंमत आहे. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षक नसता, "शिक्षण सेवक" असता. ही योजना २००० साली आली. काम तेच, वर्ग तोच, शिपाई नसला तर घंटा पण तुम्हीच वाजवायची, फक्त पगाराऐवजी मानधन. २०२३ पर्यंत हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि ज्युनियर कॉलेजला ९,००० होतं. सहा हजार! २०२० साली सुद्धा सहा हजार. हायकोर्टाने कान उपटल्यावर १ जानेवारी २०२३ पासून ते १६, १८ आणि २० हजार झालं.

वाढ मोठी वाटते, पण हिशोब करा. शेजारच्या वर्गावरचा नियमित शिक्षक ४८ हजारांवर सुरू होतो, सेवकाला १६, महिन्याला ३२ हजारांचा फरक, तीन वर्षांचा साडेअकरा लाख. आणि तीन वर्षं संपली की वेतनश्रेणीच्या पहिल्या पायरीवरच उभं करतात, मधल्या काळाची वेतनवाढ नाही. भरती वेळेवर होत नाही म्हणून लागेपर्यंत तिशी उलटलेली असते (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरला झाली, पुढची थेट २०२३ ला), घरी लग्न झालेलं, पोरगं झालेलं, आणि हा गडी घरापासून चारशे किलोमीटरवर खोली घेऊन १६ हजारांत दोन चुली चालवतोय.

शाळा अर्धा दिवस, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. एवढ्या कामाला हा पगार जास्तच नाही का?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या शाळेच्या आठवणीवर बोलत असतो. आताचं बघा. मतदार यादीचं बीएलओचं काम, निवडणूक ड्युटी, जनगणना, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि त्याचं रजिस्टर, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, विद्यार्थ्यांचं आधार जुळवणं, आणि कुठलाही दिवस साजरा केला की त्याचे फोटो अपलोड. दोन शिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी एकत्र, त्याने काय शिकवायचं.

सुट्टीबद्दल एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नसते: शिक्षक सुट्टीधारक कर्मचारी धरले जातात म्हणून त्यांची अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांसारखी साठत नाही. ऑफिसातला क्लार्क निवृत्त होताना ३०० दिवसांपर्यंत रजेचे पैसे घेऊन जातो, शिक्षकाच्या खात्यात त्या मानाने किरकोळ दिवस निघतात. म्हणजे मे महिन्याची सुट्टी फुकट नाही, तिचे पैसे रिटायरमेंटला कापले जातात असं समजा.

आणि हो, काम न करणारे आहेत. प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. पण त्याचा उपाय सगळ्यांचा पगार कमी करणं कसा होईल?

मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, त्याचं काय?

२०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला आणि मग महिनाभर गावागावात तोच विषय. नियम असा की शिक्षकाने मुख्यालयी राहावं, ग्रामसभेचा ठराव जोडावा. खरं सांगायचं तर बरेच जण राहत नाहीत आणि ठराव कसा मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वस्तीवर भाड्याने खोली मिळत नाही, स्वतःच्या पोरांना तिथे सातवीच्या पुढे शाळा नाही, बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला. शासनाने निवासस्थानं बांधली असती तर हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार होता. माझं मत: खोटा ठराव घेणं चूकच, आणि तो घ्यायला लावणारा नियम त्याच्याहून चूक.

बारा वर्षं आणि चोवीस वर्षं म्हणतात ते काय असतं?

प्रमोशनच्या जागा नसल्यासारख्याच, म्हणून १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी. वरिष्ठ श्रेणी प्रशिक्षण केलं की मिळते. निवडश्रेणी फक्त २० टक्के पदांना, त्यामुळे लायक असून अनेक जण तशीच नोकरी संपवतात. आणि प्रशिक्षणाला २०२२ मध्ये शिक्षकांकडूनच २,००० रुपये फी घेतली. इतर राज्य कर्मचाऱ्यांना १०-२०-३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना आहे, शिक्षक ती मागतायत, मिळत नाही.

विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, टप्पा अनुदान. हे काय प्रकरण आहे?

शाळेला मान्यता दिली पण पगार देणार नाही, ही विनाअनुदानित. मग एक "कायम विनाअनुदानित" नावाचा प्रकार होता, त्यातला "कायम" हा शब्द २००९ मध्ये काढला. शब्द काढला, पैसे लगेच आले नाहीत. २०१६ मध्ये पहिलं २० टक्के अनुदान, मग २०-२० टक्क्यांचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं आंदोलन. जुलै २०२५ ला पण आझाद मैदानावर भर पावसात हेच शिक्षक बसले होते, कारण टप्पा मंजूर होता, निधीची तरतूद नव्हती.

४० टक्के टप्प्यावरच्या शिक्षकाला ४० टक्के पगार मिळतो. तो ४० टक्के वर्ग शिकवत नाही. दहा-पंधरा वर्षं शून्य पगारावर काढलेली माणसं यात आहेत, दुपारी शाळा आणि सकाळी दूध डेअरी, शेतमजुरी, रिक्षा. काही जण तर पूर्ण पगार न बघताच ५८ पूर्ण करून घरी गेले. त्यांच्यासमोर "शिक्षकांचे पगार जास्त" हे वाक्य बोलून दाखवा एकदा.

म्हणून मला विचाराल तर शिक्षकांना पगार जास्त की कमी हा प्रश्नच मुळात धड मांडलेला नसतो. एका स्टाफरूममध्ये चार जण बसतात, चौघे नववीला शिकवतात, एकाला ९० हजार, एकाला १८ हजार, एकाला टप्प्यावरचे ४० टक्के, आणि चौथा संस्थेने ठेवलेला, त्याला संस्था देईल ते. पहिल्याचा पगार रास्त आहे. बाकी तिघांचा नाही. आणि सरकार व लोक दोघेही पहिल्याकडे बोट दाखवून उरलेल्या तिघांचा विषय संपवतात.

खासगी इंग्लिश मिडियमचे शिक्षक आठ-दहा हजारांत काम करतात. ते कसं चालतं? कायदा नाही का?

कायदा आहे, १९७७ चा. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. त्याच्या कलम ४ प्रमाणे खासगी शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासनाने ठरवलेल्या श्रेणीपेक्षा कमी असू शकत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही राज्य सरकारच्या बरोबरीने पगार द्या असं लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं तर ऑर्डरच देत नाहीत, किंवा दरवर्षी अकरा महिन्यांची देतात. काही ठिकाणी बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त रक्कम रोखीने ऑफिसात परत आणून द्यायची, एटीएम कार्ड आणि सही केलेलं चेकबुक संस्थेच्या कपाटात. कागदावर सगळं छान. तक्रार केली तर जूनमध्ये नाव वेळापत्रकातून गायब. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, कलम ९ खाली, पण हातात नेमणुकीचा कागद नसेल तर तिथे काय दाखवणार. म्हणून या शाळांत लागताना एकच सांगेन: हजेरीपटाचे, वेळापत्रकाचे, निकालपत्रकावरच्या आपल्या सहीचे फोटो काढून ठेवा. पुढे उपयोगी पडतात.

खासगी शाळेतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी मिळते का?

मिळते, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आधी कोर्टाने शिक्षक हे "कर्मचारी" या व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं होतं, म्हणून २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळा त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये हरल्या. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क. हिशोब: शेवटचा मूळ अधिक महागाई, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८ हजार शेवटचा पगार आणि २० वर्षं असतील तर साधारण २ लाख ७ हजार.

पीएफ कापत असतील तर ईपीएस पेन्शन पण आहे, पण फार आशा ठेवू नका. १५ हजारांची मर्यादा धरून २५ वर्षांची नोकरी झाली तर महिन्याला ५,३५७ रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता नाही.

जुनी पेन्शन म्हणजे नेमकं काय होतं ज्यासाठी एवढे मोर्चे निघतात?

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे पेन्शन. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी, त्यावर नोकरीवाल्यांसारखाच महागाई भत्ता, मागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. शेवटचं मूळ ८० हजार असेल तर पेन्शन ४० हजार अधिक महागाई २२ हजार, ६२ हजार झाले. शिवाय ग्रॅच्युइटी, जिची मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झाली. पेन्शनचा ४० टक्के भाग विकून एकरकमी घेता येतो, त्याला अंशराशीकरण म्हणतात, तो भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो. बहुतेकांची पोरीची लग्नं किंवा घराचा स्लॅब या पैशात झालेला असतो. आणि या पेन्शनसाठी पगारातून एक रुपया कापला जात नव्हता.

२००५ नंतरच्यांना काय मिळतं?

तारीख बदलली आणि सगळं बदललं. ३१ ऑक्टोबर २००५ च्या जीआरने डीसीपीएस (अंशदायी पेन्शन योजना) आली, नंतर ती एनपीएसमध्ये गेली. आमचे १० टक्के कापतात, शासन आधी १० टाकायचं, २०१९ पासून १४ टाकतं. पैसा बाजारात. निवृत्तीला ६० टक्के हातात, किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी (विमा कंपनीकडून विकत घ्यायची पेन्शन) घ्यायची. समजा ५० लाख जमले: ३० लाख मिळतील, उरलेल्या २० लाखांवर सहा टक्के दर धरला तर महिन्याला १० हजार. महागाई कितीही वाढो, ते दहाच हजार. वर उदाहरणातल्या ६२ हजारांशी ताडून बघा, आणि लक्षात घ्या की दोघांच्या जॉइनिंगमध्ये कधी कधी फक्त महिनाभराचं अंतर आहे.

त्यात डीसीपीएसच्या सुरुवातीच्या वर्षांचा हिशोब हा वेगळाच विषय. कपात झाली, पण शासनाचा हिस्सा कुठे, व्याज कुठे, चिठ्ठीच मिळत नाही, मिळाली तर मधली दोन वर्षं कोरी. जिल्हा बदलून गेलेल्यांचे हाल विचारू नका. आणि नोकरीत असताना शिक्षक वारला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी द्यायचा निर्णय व्हायला ३१ मार्च २०२३ उजाडावा लागला. म्हणजे अठरा वर्षं जी घरं उघडी पडली ती पडली.

संपामुळे काही मिळालं का? सुधारित पेन्शन आणि यूपीएस (केंद्राची युनिफाइड पेन्शन स्कीम) म्हणजे जुनी पेन्शनच ना?

मिळालं, पण मागितलं ते नाही. जानेवारी २०२३ च्या विधान परिषद निवडणुकीत जुनी पेन्शन हाच मुद्दा गाजला, नागपूर शिक्षक मतदारसंघात सुधाकर अडबाले त्यावर निवडून आले (या मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांना मतच नसतं, माध्यमिकपासून वरच्यांनाच असतं, हा अजून एक विनोद). मग १४ ते २० मार्च २०२३ राज्यभर संप, "एकच मिशन, जुनी पेन्शन". संप मागे घेताना हातात होती ती फक्त शासनाने नेमलेली निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. हे खरं यश. आणि १ मार्च २०२४ ला सुधारित एनपीएसची घोषणा: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन अधिक महागाई, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची यूपीएस पण स्वीकारली. यूपीएसमध्ये २५ वर्षं नोकरी असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, १० वर्षं असतील तर किमान १० हजार.

जुनीच का? नाही. आमची कपात चालूच राहते, अंशराशीकरण जुन्यासारखं नाही, आणि उशिरा लागलेल्याची २५ वर्षं भरतच नाहीत. ३६ व्या वर्षी लागलेला माणूस ५८ ला २२ वर्षांवर बाहेर पडतो. पण वरच्या एनपीएसच्या दहा हजारांपेक्षा कितीतरी बरं, हेही मान्य. पर्याय भरताना व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज वाचून भरू नका, आपल्या संवर्गाला लागू असलेलं परिपत्रक स्वतः वाचा, एकदा दिलेला पर्याय फिरवता येत नाही.

२००५ च्या आधी लागलो, पण शाळा १०० टक्के अनुदानावर नंतर आली. मला जुनी पेन्शन?

सध्या तरी देत नाहीत. शासनाचं म्हणणं, त्या तारखेला तुम्ही शंभर टक्के अनुदानित पदावर नव्हता. शिक्षकाचं म्हणणं, नेमणूक, मान्यता, काम सगळं आधीचं, अनुदान उशिरा दिलं ते तुम्ही. प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात आहे. मला शिक्षकाचं म्हणणं पटतं. शासनाने स्वतः उशीर करायचा आणि त्याची शिक्षा शिक्षकाने म्हातारपणी भोगायची हा कुठला न्याय.

निवृत्त झाल्यावर पेन्शन लगेच चालू होते का? रिकव्हरी काढतात असं ऐकलंय.

नियमाने लगेच. प्रत्यक्षात सेवापुस्तकावर अवलंबून. १९९८ सालच्या वेतनवाढीची नोंद आहे पण सही नाही, बारा वर्षांच्या श्रेणीची वेतननिश्चिती पडताळणी पथकाने तपासलेली नाही, जन्मतारखेत खाडाखोड, नावात आधी वडिलांचं मग नवऱ्याचं. एकेका त्रुटीला फाइल परत. ज्या मुख्याध्यापकाने सही करायची तो स्वतः आठ वर्षांपूर्वी रिटायर. शेवटच्या तीन वर्षांत सेवापुस्तकाची पूर्ण झेरॉक्स काढून एकेक पान तपासा, शेवटच्या महिन्यात नाही.

रिकव्हरी: वेतननिश्चिती चुकली होती म्हणून तीन-चार लाख भरा, असं निवृत्तीच्या तोंडावर सांगतात. डिसेंबर २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा रफिक मसीह निकाल लक्षात ठेवा. वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही असं त्यात आहे. ऑफिस मग तुम्ही आधी लिहून दिलेलं हमीपत्र पुढे करतं, तिथे वकील लागतो. पण तोंडी सांगितलं म्हणून चेक फाडून देऊ नका, लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मी प्रकरणं आपोआप थंड होतात हा आमच्याकडचा अनुभव आहे.

टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) कोर्ट निकालामुळे नोकरी गेली तर पेन्शनही जाणार का?

१ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाही झाले तर सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरी करता येईल, प्रमोशन नाही. सेवा सोडावी लागली तरी निवृत्तीचे लाभ देता येतील असं निकालात आहे, फक्त त्यासाठी लागणारी अर्हताकारी सेवा पूर्ण हवी. म्हणजे वीस-बावीस वर्षंवाल्याचं सगळं बुडणार ही भीती खोटी, पण नुकत्याच लागलेल्याला हातात फार काही येणार नाही हेही खरं. पन्नाशीच्या बाईंनी बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन रात्री अभ्यासाला बसायचं, बरं दिसतं का ते तुम्हीच ठरवा.

आठव्या वेतन आयोगात किती वाढेल?

केंद्राचा आयोग निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमलाय, अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू होता आणि राज्यात हातात पगार आला २०१९ ला, त्यावरून अंदाज बांधा. यूट्यूबवर फिटमेंट फॅक्टरचे (जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणतात तो आकडा) जे तक्ते फिरतायत त्यावर घराचं लोन काढू नका. आणि टप्प्यावरच्या शाळेत असाल तर जी वाढ होईल तिचे आधी आपले टक्के काढा, मग आनंद.